समुद्र पूर्वेला ठेवणाऱ्या इनासला

इनास,

तुला मातीत ठेवलं तेव्हा मी दफनभूमीच्या भिंतीपाशी उभा होतो आणि वारा माझ्या डाव्या गालावर येत होता. म्हणजे समुद्र डावीकडे, तोंड उत्तरेला. फादर प्रार्थना म्हणत होते, रेजिनावहिनी तुझ्या बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून उभी होती, आणि मी, भूगोलाचा मास्तर, दिशा बघत होतो. तुला हे दिसलं असतं तर त्या पेटीतही तुला हसू आवरलं नसतं. ‘दाम्या, माझ्या मयतातही नकाशा सोडत नाहीस,’ म्हणाला असतास. पण खरं सांगतो, मला दुसरं काही सुचत नव्हतं. आपलं भांडणच समुद्र कुठल्या बाजूला यावरून सुरू झालं होतं, आणि ते मिटायच्या आत तू उठून गेलास.

बातमी मला आगाशीच्या बाजारात कळली. माझी आई मासळी विकायला बसायची त्या जागेवर आता गोदी बसते, आमच्या अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. तिच्याकडून बोंबील घेत होतो. ती वर न बघताच म्हणाली, “मास्तर, तुजा इनास गेला रं. सकालीच. काय दुकलंखुपलं नाय. च्या मागितला नि गेला.” मी बोंबील पिशवीत टाकले, पैसे दिले, चार पावलं चाललो आणि मग मला कुठे जायचंय तेच आठवेना. वाईट नंतर वाटलं. आधी मला तुझा राग आला. मे महिन्यात मी तुझ्याकडे येणार होतो. परीक्षा संपू देत, पेपर तपासून होऊ देत, मग सायकल काढू आणि थेट तुझ्या पडवीत जाऊन बसू, असं मी नाताळापासून ठरवून ठेवलं होतं. तुला ते माहीत नव्हतं, हे खरं. पण थोडं थांबायला काय झालं होतं?

आपण एका बाकावर बसायचो ते दिवस आठवतात. तू केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीतला, मी मासळीच्या वासाचा. वर्गातल्या पोरांना माझा वास यायचा, तुला आला नाही. निदान तू तसं कधी दाखवलं नाहीस. माझे नकाशे तू काढायचास, तुझी गणितं मी सोडवायचो. गंमत बघ, तेव्हाच्या तुझ्या नकाशांत अरबी समुद्र मुकाट्यानं पश्चिमेला असायचा. निळ्या पेन्सिलीनं इतका सुबक रंगवायचास की गुरुजींनी माझी वही वर्गात फिरवली होती. मी भूगोलाचा मास्तर झालो तो तुझ्या नकाशांवर मिळालेल्या शाबासकीमुळे, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुलाही नाही.

मग तू मुंबईला चित्रं शिकायला गेलास, जाहिरातींच्या कंपनीत लागलास, बूट घालून गावात येऊ लागलास, आणि एक दिवस बूट तिकडेच टाकून कायमचा परत आलास. बरोबर काय आणलंस? छत्रीच्या काड्या घासून केलेली कोरणी आणि शाईचा रूळ. तुझे बाबा माझ्यापुढे हात जोडून म्हणाले होते, “दामू, तू तरी समजाव. लोकांची पोरं केळीचे घड कापतात, आमचा फळ्या कापतो.” मी काय समजावणार? मला तर तुझं सगळं काम बघायलाच आवडायचं. तू मांडीवर फळी घेऊन कळंबच्या किनाऱ्यावर सुरूंच्या सावलीत बसायचास आणि समोर जे दिसेल ते थेट लाकडात कोरायचास. घरी येऊन फळीवर काळी शाई फिरवायची, वर कागद अंथरायचा, आणि मग दाबायला यंत्र नाही म्हणून नारळाची करवंटी. घासून घासून गुळगुळीत केलेली ती करवंटी तू कागदाच्या पाठीवर गोल गोल फिरवत राहायचास. रेजिनावहिनी आतून ओरडायची, “अरे, कालवणाला नारळ आणला होता, त्याचंही चित्र काढलंस का?” मग तू कागदाचं एक टोक धरून हळूच उचलायचास. तो क्षण मला फार आवडायचा.

पहिला कागद तू मला दिलास. कळंबची वाळू, सुरूंची रांग, दोन होड्या आणि दूर अर्नाळ्याचा किल्ला. मी कौतुक करायला तोंड उघडलं आणि माझ्यातला मास्तर मधे आला.

“समुद्र उजवीकडे कसा?”

“छापताना उलटतं. फळीवर डावीकडे असेल तर कागदावर उजवीकडे.”

“म्हणजे पूर्वेला समुद्र? आमच्या होड्या काय तुळिंजच्या भातशेतात जाळी टाकतात?”

“मग समज, मी दक्षिणेला तोंड करून बसलो होतो.”

“मग किल्ला कळंबच्या दक्षिणेला कुणी नेला?”

तू इतका हसलास की शाईचा हात तोंडाला लागला. आणि मग गंभीर होऊन जे म्हणालास ते मला जसंच्या तसं आठवतं. “दाम्या, मी समोर बसून बघतो तेच लाकडात काढतो. घरी येऊन आरसा धरून उलटं काढत बसलो तर ते मी बघितलेलं राहणार नाही. कागदावर उलटतं ते करवंटीचं काम. तिच्याशी भांड.”

“पण लोक कागद बघतात.”

“मग लोकांनी लाकूड बघायला यावं. माझं दार कधी बंद असतं का?”

हे सगळं तेव्हा थट्टेत होतं. मी ते चित्र घरी लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला ‘हा आमच्या इनासचा उलटा समुद्र’ म्हणून दाखवत राहिलो. आणखी एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. दरवर्षी पाचवीच्या वर्गात दिशा शिकवताना मी ते चित्र घेऊन जातो. पोरांना विचारतो, यात काय चुकलंय? आपल्या भागातली पोरं ती. थोडा वेळ बघतात आणि कुणीतरी ओरडतंच, “सर, दर्या भलत्याच बाजूला हाय!” त्या पोरांना मग जन्मात पश्चिम विसरता येत नाही. तुझ्या चुकीवर माझी इतकी वर्षं शिकवणी चालली, आणि तुला ते कळलं असतं तर तू ताठ मानेनं सगळ्या गावात सांगत फिरला असतास. म्हणून नाही सांगितलं. आता वाटतं, फिरू द्यायला हवं होतं.

थट्टा थट्टा राहिली नाही ती आईच्या चित्रापासून.

वडिलांची होडी किनाऱ्यावर पडून होती. वडील गेले, समुद्रावर जाणारं घरात कुणी उरलं नाही, आणि होडी उन्हात तडकत राहिली. शेवटी ती मोडायला दिली त्या दिवशी तू हजर. म्हणालास, मला एक फळी द्या. आई तुझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ने रं. पन चुलीत घालू नको.” सागाची जुनी फळी, खाऱ्या पाण्यानं काळपट पडलेली, खिळ्यांची भोकं असलेली. तू ती कडेवर पोर घ्यावं तशी घेऊन गेलास.

पुढच्या बाजाराला ती फळी मांडीवर घेऊन तू आईच्या समोर येऊन बसलास. उपडी टोपली हे तुझं आसन. सगळ्या कोळणी तुझ्यावर तुटून पडल्या. “ए बाबा, मासली घे नायतर जागा सोड!” “हिराबाय, पावनं आयलं काय तुला बगाया?” आईनं कुणाकडे लक्ष दिलं नाही. ती कोयत्यानं सुरमई कापत होती आणि तू कोरत होतास. अधूनमधून ती तुला म्हणायची, “इनास, पानी पी रं, उन हाय.” मी तिथेच होतो. तुझ्या त्या बसण्याचा मला अभिमान वाटत होता.

माझी आई डावखुरी होती. तुला नव्यानं सांगायला नको, पण ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांना हे कळायला हवं, नाहीतर मी एवढा का पेटलो ते कळणार नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं, म्हणजे माझ्या आजीनं, तिचा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधून ठेवला होता. डाव्या हातानं भाकरी थापायची नाही, डाव्या हातानं वाढायचं नाही, गिऱ्हाइकाला डाव्या हातानं द्यायचं नाही. आईनं सगळं ऐकलं. वाढायला उजवा, द्यायला उजवा, मोड परत करायला उजवा. पण कोयता तिनं डाव्याच हातात धरला. बाजारात तिला ‘डावरी’ म्हणायचे. हिराबाई नावाच्या आणखीही कोळणी होत्या. ‘डावरीकडची मासळी’ म्हटलं की सगळ्यांना कळायचं. तो हात ही माझ्या आईची सगळ्या घराविरुद्धची एकुलती एक जिद्द होती.

आणि तू कागद उचललास, तेव्हा माझी आई उजव्या हातानं सुरमई कापत होती.

चित्र सुंदर होतं. तिच्या कपाळावरच्या आठ्या, पदर खोचायची पद्धत, कापताना खालचा ओठ दाबून धरायची सवय, सगळं. आकाशाच्या जागी एक पांढरा ठिपका होता, फळीतल्या खिळ्याच्या भोकाचा. आईनं आधी तिथेच बोट ठेवलं. “ह्यो आपल्या होडीचा खिला,” म्हणाली. मग स्वतःकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि हसली. “इनास, माज्या सासूला जल्मभर जमलं नाय, त्ये तू एका दिसात केलंस रं.”

सगळे हसले. तू सर्वांत मोठ्यानं. मला हसू आलं नाही. आई दुखावली की काय, ते मला तिच्या तोंडावरून कळेना, आणि न कळल्यामुळे मी गृहीत धरलं की दुखावली.

दुसऱ्या दिवशी मी तुला गाठलं. बस थांब्यावर, चारचौघांत. म्हणालो, “तू माझ्या आईला दुरुस्त केलंस.”

“वेडा आहेस का? लाकडात ती डावरीच आहे. घरी ये, दाखवतो.”

“मला लाकूड नको, आई हवी. पुन्हा काढ. या वेळी फळीवर उलटी काढ, म्हणजे कागदावर सुलटी येईल.”

तू पिशवी खाली ठेवलीस. तुझा आवाज एकदम खाली आला. “म्हणजे तिच्या समोर बसून, तिच्या डोळ्यांदेखत, मी तिचा डावा हात उजवा काढू? दाम्या, तुझ्या आजीनं दुसरं काय केलं?”

मी पाठ फिरवली. तूही मागून हाक मारली नाहीस. तू थोडं नमतं घेतलं असतंस तर मी लगेच विरघळलो असतो, हे तुला माहीत होतं. आणि मी एकदा येऊन फळी बघितली असती तर तू मला मिठी मारली असतीस, हे मला माहीत होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आपल्या बाबतीत तर सुंभही शाबूत होता आणि पीळही.

लोकांना वाटलं, चित्रावरून कुणी एवढं भांडतं का? लोकांना काय कळतं. बांधावरून भांडणारे रोज भेटतात.

तरी भांडण म्हणजे काय, आपलं येणंजाणं थांबलं एवढंच. कुणाच्या लग्नात भेटलो की “काय, बरं?” “बरं.” असं दोन चिंचोके टाकल्यासारखं बोलायचो. पण तुझ्या घरचा नाताळ आणि माझ्या घरची दिवाळी मात्र चुकली नाही. कारण मधे आई होती. ती टोपली घेऊन तुमच्या वाड्यांतून दारोदार फिरायची, तुझ्या पडवीत टेकायची. दिवाळीचा फराळाचा डबा तिच्या टोपलीत जायचा आणि नाताळात तुझं छोटं छापील चित्र त्याच टोपलीतून यायचं, कोपऱ्यावर खवला चिकटलेला. एका वर्षी विहीर आणि रहाट. एका वर्षी ताडावर चढलेला माणूस. एका वर्षी तुळिंजच्या शेतात उभी राहिलेली पहिली इमारत, आणि तिच्याकडे तोंड करून उभी असलेली म्हैस. ते चित्र बघून मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो. समुद्र असेल तिथे तो पूर्वेलाच. तू मुद्दाम समुद्र काढायचास, मला चिडवायला. मी सगळी जपून ठेवली आहेत. बिस्किटांच्या डब्यात आहेत. डबा उघडला की अजून मासळीचा वास येतो.

आई तुझ्याकडून आली की म्हणायची, “दामू, जा रं एकदा. ती फली बग जा.” मी म्हणायचो, बघू. ती म्हणायची, “त्यो पन तसाच, तू पन तसाच. दोगांच्या आया चांगल्या व्हत्या, पोरं कुनावर गेली?”

आई गेली तेव्हा तू आलास. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, सगळं आटोपल्यावर, लोक पांगत होते आणि तू माझ्याजवळ येऊन उभा राहिलास. खांद्यावर हात ठेवलास. किती दिवसांनी तुझ्या हाताचा शाईचा वास आला मला. तू म्हणालास, “दामू, ती फळी...”

मी म्हणालो, “आत्ता नको.”

इनास, हे दोन शब्द मी परत घेऊ शकलो असतो तर सगळं आयुष्य परत घेतल्यासारखं झालं असतं. मला म्हणायचं होतं की आत्ता माझ्यात ताकद नाही, नंतर बोलू. तुला ऐकू आलं असेल की अजून राग गेलेला नाही. तू हात काढून घेतलास, मान हलवलीस आणि वाळूतून चालत गेलास. मी तुझ्या पाठीकडे बघत राहिलो. तू बस थांब्यावर मला हाक मारली नव्हतीस ना, मग मी कशी मारू? बघ, आईला जाळून तासही झाला नव्हता आणि मी हिशेब करत होतो.

त्यानंतर तुझी नाताळची चित्रं पोस्टानं येऊ लागली. खवला नाही, वास नाही, नुसता कागद.

आणि या नाताळात आलेलं चित्र. पाकीट फोडलं, चित्र बाहेर काढलं, आणि मी उभाच्या उभा राहिलो. कळंबचा किनारा. तेच सुरू, त्याच दोन होड्या, तोच किल्ला. आणि समुद्र डावीकडे. पश्चिमेला. देवानं ठेवला तिथे.

मी काय केलं माहीत आहे? नाचलो. या वयात. बायकोला हाक मारून दाखवलं, “सुशीला, इनास हरला!” शाळेत नेलं, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं. ज्यांना तू माहीत नव्हतास त्यांनाही सांगितलं की माझा एक मित्र आहे, महाहट्टी, त्यानं शेवटी पांढरं निशाण दाखवलं. आणि त्याच दिवशी ठरवलं, मे महिन्यात जायचं. लगेच नाही. लगेच गेलो तर मी वाटच बघत होतो असं दिसलं असतं. जिंकलेल्यानं जरा सावकाश जावं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. आगाशीहून तुझ्या घरी जायला सायकलवर किती वेळ लागतो, इनास? वर्गाच्या मधल्या सुट्टीत जाऊन आलो असतो.

सातव्या दिवशी तुझ्या मिस्साच्या प्रार्थनेसाठी मी चर्चमध्ये आलो होतो. मागच्या बाकावर बसलो. सगळं झाल्यावर रेजिनावहिनी माझ्यापाशी आली. घरात तुम्ही जी बोली बोलता ती मला अर्धीच कळते. वहिनी माझ्याशी नेहमी ती बाजूला ठेवून बोलते. म्हणाली, “मास्तर, घरी चला. तुमची वस्तू घेऊन जावा.”

तुझी पडवी तशीच आहे. स्टूल, रूळ, खिडकीत ओळीनं छत्रीच्या काड्या. पण एक नवीन गोष्ट दिसली. तुमच्या लग्नातल्या कपाटाचा मोठा आरसा काढून भिंतीला टेकवलेला. मी त्याच्याकडे बघतोय हे बघून वहिनी म्हणाली, “ते तुमचंच काम. नाताळचं ते चित्र. कळंबची जुनी फळी आरशापुढं धरायची आणि आरशात बघून, आपल्या मनाविरुद्ध, नव्या फळीवर उलटं काढायचं. किती फळ्या फुकट घालवल्या. दिवसभर चिडचिड. ‘या मास्तरड्यासाठी मला काय काय करावं लागतंय,’ म्हणत होता. मी म्हटलं, कशाला मग? तर म्हणाला, हिरामावशी गेली, आता मधे कुणी नाही, एकानं तरी उलटं व्हायला पाहिजे.”

मी स्टुलावर बसलो. ज्याला मी पांढरं निशाण म्हणून नाचवलं, त्यासाठी तू दिवसेंदिवस आरशापुढे बसला होतास. तुझ्या कामातली जी एकच गोष्ट तू कधी मोडली नव्हतीस ती माझ्यासाठी मोडलीस. आणि मी जिंकलो म्हणून सावकाश निघायचं ठरवत होतो.

मग वहिनीनं बोट केलं. आईची फळी कुठे बासनात नव्हती, कपाटात नव्हती. तुझ्या स्टुलासमोरच्या भिंतीवर टांगलेली होती. जो कुणी पडवीत येईल त्याला पहिल्यांदा तीच दिसावी अशी. “तेव्हापासून इथंच आहे,” वहिनी म्हणाली. “मावशी यायची, टोपली खाली ठेवायची, फळीवरून हात फिरवायची. ‘होडीचा वास हाय अजून,’ म्हणायची. एकदा आपला डावा हात फळीवरच्या हातापाशी धरून बसली होती कितीतरी वेळ. मी म्हटलं, मावशी, मास्तरांना देऊन टाकू का? तर इनासच नको म्हणाला. ‘त्याला न्यायला नाही, बघायला येऊ दे. बघितलं की मग नेऊ दे.’”

म्हणजे आईनं बघितलं होतं. ती दुखावली नव्हती. मी ज्या दुःखासाठी तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो ते तिचं नव्हतंच. ती दर बाजाराला तुझ्या पडवीत स्वतःला भेटून यायची आणि घरी येऊन मला सांगायची, बग जा. तिनं अजून काय सांगायला हवं होतं?

मी फळी खाली घेतली. शाईनं काळी झालेली, गुळगुळीत. डोळ्यांना पटकन काही कळेना, म्हणून मी बोटं फिरवली. आठ्या लागल्या. पदराची कड लागली. दाबलेला ओठ लागला. खिळ्याचं भोक लागलं. आणि मग कोयता, आणि कोयत्यावरची मूठ. मी ती मूठ धरून तिथेच रडलो. वहिनी आत गेली आणि चहा टाकून आली. तिलाही रडायचं असणार, पण माझ्यासारख्या बाप्याला रडताना बघून तिनं आपलं रडं आवरलं. तिची क्षमाही मागायची राहून गेली.

फळी घरी आणली. आईनं तेव्हा घरी आणलेल्या तिच्या छापील चित्राशेजारी लावली. सुशीला लांब उभी राहून बघत होती. म्हणाली, “अहो, समोरासमोर बसल्यात बघा.” खरंच तसं झालंय. एक आई उजवीकडे तोंड करून, एक डावीकडे. बाजारात दोघी कोळणी एकमेकींसमोर बसून सुरमई कापताहेत. मधे मी थोडी भिंत मोकळी सोडली आहे. तिथे खिळा मारायचा नाही असं घरात सगळ्यांना सांगितलंय. उपडी टोपली ठेवून एक माणूस बसेल एवढी ती जागा आहे.

पाचवीला या वर्षीही दिशा शिकवेन. तुझी दोन्ही चित्रं नेईन, उलटा समुद्र आणि सुलटा समुद्र. पोरं विचारतील, सर, यातलं बरोबर कुठलं? काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

तू बस थांब्यावर म्हणाला होतास, घरी ये, दाखवतो. मी तुझ्या घरी जाऊन आलो, इनास. तू नव्हतास. फळी बघितली. ती डावरीच आहे.